विश्वास नव्हे, पडताळणी
संस्थेच्या संगणक-सुरक्षेचे नियोजन कसे करावे?

७ मे २०२१ रोजी अमेरिकेतील कलोनियल पाइपलाइन या कंपनीला आपली सुमारे ८,८५० किलोमीटर लांबीची इंधनवाहिनी बंद करावी लागली. पूर्व किनाऱ्यावरील राज्यांना लागणारे जवळजवळ निम्मे इंधन या वाहिनीतून जाते. वाहिनी कोठे फुटली नव्हती. खंडणीखोरांनी कंपनीच्या कार्यालयीन संगणकांत शिरकाव केला होता. दूरवरून प्रवेश देणारे एक खाते वापरात नव्हते, परंतु ते बंदही करण्यात आले नव्हते. त्याचा पासवर्ड चोरांच्या हाती पडला आणि तेवढाच त्यांना पुरला. पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. कंपनीने सुमारे ४४ लाख डॉलर खंडणी दिली.

ही घटना एका जुन्या समजुतीचे मर्म उघड करते. वाड्याच्या दिंडी दरवाजावर पहारा चोख असला म्हणजे आतील सारी माणसे आपलीच, असे धरून संगणकांची जाळी उभारली गेली. एकदा आत आलेल्यास मग कोणी हटकत नसे. २०१० मध्ये फॉरेस्टर या संशोधन संस्थेतील जॉन किंडरव्हाग यांनी याविरुद्ध ‘झिरो ट्रस्ट’, म्हणजेच ‘शून्य विश्वास’ ही संकल्पना मांडली. मागणी आतून आलेली असो वा बाहेरून, प्रत्येक वेळी खातरजमा झाल्यावरच प्रवेश द्यावयाचा, हे तिचे सूत्र होय.

शासकीय कर्मचाऱ्यांना हे तत्त्व अपरिचित नाही. कोषागाराच्या तिजोरीखोलीस दोन कुलपे असतात व त्यांच्या किल्ल्या दोघांकडे असतात. ही व्यवस्था कोणाच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेत नाही. उलट, ती प्रामाणिक माणसास संशयापासून वाचवते. संगणकावरही एखाद्याच्या नावाने चोर वावरला, तर पहिला ठपका त्या निरपराध व्यक्तीवरच येतो.

नियोजनाचा आरंभ यंत्रसामग्रीच्या खरेदीने नव्हे, तर यादीने करावा. कोणती माहिती सर्वांत मोलाची आहे, ती कोठे साठवली आहे, तिच्यापर्यंत कोण व कोणत्या उपकरणावरून पोहोचतो, याची नोंद प्रथम व्हावी. जे ठाऊकच नाही, त्याचे रक्षण करता येत नाही.

दुसरी पायरी ओळखीची. प्रत्येकास स्वतंत्र खाते असावे आणि पासवर्डच्या जोडीला दुसरी पडताळणी असावी. अमेरिकन शासनाने २६ जानेवारी २०२२ रोजी आपल्या विभागांसाठी जे धोरण जाहीर केले, त्यात फसव्या संकेतस्थळांना बळी न पडणारी पडताळणी आवश्यक ठरवण्यात आली. पासवर्ड ठराविक मुदतीने बदलण्याची सक्ती मात्र त्याच धोरणाने काढून टाकण्यास सांगितले. अशा सक्तीमुळे लोक सोपे पासवर्ड निवडतात, हा अनुभव त्यामागे होता.

तिसरी पायरी अधिकारांची. ज्याला जेवढे काम, तेवढाच आणि तेवढ्याच काळापुरता प्रवेश द्यावा. चौथ्या पायरीत जाळ्याचे कप्पे पाडावेत, म्हणजे एका कप्प्यात शिरलेला चोर दुसऱ्यात जाऊ शकणार नाही. पाचवी पायरी देखरेखीची. कोणी, केव्हा, काय उघडले याची नोंद राहावी आणि ती नियमितपणे तपासलीही जावी.

हे सारे एकदम साधत नाही. वरील धोरणातही विभागांना २०२४ च्या आर्थिक वर्षाअखेरपर्यंतची मुदत देण्यात आली होती. सर्वांत मोलाच्या माहितीपासून आरंभ करून टप्प्याटप्प्याने पुढे जाणे श्रेयस्कर ठरते. कामात अडथळा येत असेल तर कर्मचारी पळवाटा शोधतात. म्हणून त्यांना प्रारंभापासून विश्वासात घेणे अगत्याचे आहे.

मोठ्या खर्चावाचूनही काही गोष्टी करता येतात. बदली झालेला अधिकारी कार्यभार सोपवताना कपाटांच्या किल्ल्या मोजून देतो आणि त्यावर दोघांच्या सह्या होतात. त्याच यादीत त्याच्या संगणक खात्यांची नोंद असावी आणि कार्यमुक्तीच्या दिवशीच ती खाती बंद व्हावीत. एक विसरलेले खाते केवढ्याला पडते, हे कलोनियलच्या उदाहरणाने दाखवून दिले आहे.