परदेशातली कमाई आणि साठीनंतरची पुंजी : कर वाचवण्याआधी खातं नीट करा



आपल्या बहुतेक घरांतला एखादा तरी माणूस समुद्रापलीकडे कमावतो आहे. कुणाचा मुलगा दुबईत, कुणाचा जावई क्रूझवर, कुणाचा भाऊ मालवाहू जहाजावर. त्याच्या पैशातून बोटीचं कर्ज फिटतं, नवीन इंजिन बसतं, घरावर स्लॅब पडतो. ते व्हायलाच हवं. पण तो माणूस साठीला आल्यावर कशावर जगणार, हा हिशेब फार थोड्या घरांत मांडला जातो.

१ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी आपल्याला नवीन नाही. दहा महिने कमावताना त्या दोन महिन्यांची सोय बाजूला काढायची, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. म्हातारपण ही तशीच बंदी, फक्त ती उठत नाही. म्हणून आज आम्ही या विषयावर थोडं सविस्तर लिहीत आहोत.

आधी दिवस मोजा

परदेशी पगारावर भारतात कर लागतो की नाही, हे एप्रिल ते मार्च या वर्षात माणूस भारतात किती दिवस होता यावर ठरतं. नोकरीसाठी बाहेर असलेला भारतीय नागरिक वर्षात १८२ दिवसांपेक्षा कमी काळ इथे राहिला, तर तो करापुरता अनिवासी, म्हणजे एनआरआय. मग परदेशातल्या कमाईवर इथे कर नाही. १८२ दिवस भरले, की त्या वर्षीचा परदेशी पगारही इथल्या कराच्या हिशेबात येऊ शकतो.

परदेशी फेऱ्या करणाऱ्या जहाजावरच्यांसाठी सीडीसीवरच्या नोंदी महत्त्वाच्या. जहाजावर रुजू झाल्याची तारीख ते उतरल्याची तारीख, हा काळ भारताबाहेरचा धरतात. साधारणपणे वर्षात किमान १८४ दिवस भरावे लागतात. करार मार्चच्या आधीच संपला, पुढचा लांबला आणि घरच्यांनी "चतुर्थी करून जा" म्हणून थांबवलं, की हेच दिवस कमी पडतात. थांबवू नका असं आम्ही म्हणत नाही, मोजून थांबवा. सीडीसी आणि पासपोर्टच्या शिक्क्यांच्या झेरॉक्स दर वर्षी घरी जपून ठेवा.

इथल्या बोटीचा नफा किंवा भाडं मात्र तो कुठेही असला तरी इथेच करपात्र आहे. आणि हे इथलं उत्पन्न वर्षाला १५ लाखांच्या वर असेल तर दिवसांचे नियम जास्त कडक होतात. अशा बोटमालकांनी सीएला विचारल्याशिवाय काही ठरवू नये.

मग खातं

नोकरीसाठी परदेशी गेलेल्या माणसाला गावच्या बँकेतलं साधं बचत खातं तसंच चालू ठेवता येत नाही. ते एनआरओ करून घ्यावं लागतं. इथलं उत्पन्न त्यात जमा करायचं. त्याच्या व्याजावर कर आहे आणि बँक ३० टक्के दराने टीडीएस कापते, वर सेस. एकूण उत्पन्न करमर्यादेखाली असेल तर रिटर्न भरून ते पैसे परत मिळतात.

परदेशातल्या पगारासाठी एनआरई खातं. तो एनआरआय आहे तोवर याच्या व्याजावर भारतात कर नाही, आणि मुद्दल-व्याज दोन्ही हवं तेव्हा परत बाहेर नेता येतं. जहाजावरच्यांना याचा आणखी एक फायदा आहे. एप्रिल २०१७ च्या प्राप्तिकर खात्याच्या परिपत्रकानुसार, अनिवासी खलाशाने परदेशी फेऱ्यांवर कमावलेला पगार भारतातल्या बँकेच्या एनआरई खात्यात जमा झाला, एवढ्याच कारणाने तो करपात्र ठरत नाही. म्हणून पगार साध्या खात्यात मागवू नका.

आणखी एक गोष्ट स्पष्टच सांगतो. पुष्कळ मुलं सगळा पगार वडिलांच्या किंवा भावाच्या खात्यावर पाठवतात. घरखर्चाला पाठवावाच. पण बाकीचेही पैसे तिथेच साठले, तर ते कागदावर वडिलांचे होतात, त्यांच्या व्याजावर वडिलांना कर लागतो, आणि उद्या वाटणीची वेळ आली की ते सगळ्या वारसांत येतात. वीस वर्षं परदेशात राबून आलेल्याच्या स्वतःच्या नावावर काहीच नाही, असं होऊ द्यायचं नसेल तर घरचा वाटा वेगळा आणि त्याची पुंजी वेगळी ठेवा. पुंजी त्याच्या नावावर आणि नॉमिनी लावलेली हवी.

"टॅक्स वाचेल" या शब्दाला भुलू नका

सुट्टीवर आलेल्या मुलाकडे पॉलिसी विकणारा हमखास पोचतो. "८०सी मध्ये दीड लाखाची सूट" हे त्याचं पहिलं वाक्य. ही सूट खरी आहे, पण ती भारतात करपात्र असलेल्या उत्पन्नातून वजा होते, आणि तीही जुनी करपद्धत निवडली तरच. ज्याचं इथे करपात्र उत्पन्नच नाही, त्याचा वाचणारा कर शून्य. शून्य वाचवण्यासाठी पैसे वर्षानुवर्षं अडकवायचे कशाला?

अशा माणसाला कामाची करसवलत ती, जिच्यात मिळणाऱ्या व्याजावरच कर नाही. त्यासाठी मुख्य वाटा या :

• एनआरई मुदत ठेव. किमान मुदत एक वर्ष. त्याआधी मोडली तर व्याज मिळत नाही.

• पीपीएफ. परदेशी जाण्याआधी उघडलेलं असेल तर १५ वर्षं पूर्ण होईपर्यंत वर्षाला दीड लाखापर्यंत भरता येतं, व्याज करमुक्त. एनआरआय झाल्यावर नवीन उघडता येत नाही आणि मुदत वाढवताही येत नाही. ज्याचा व्हिसा अजून यायचा आहे त्याने निघण्याआधीच उघडून ठेवावं.

• एनपीएस. भारतीय नागरिक असलेल्या एनआरआयला उघडता येतं. वर्षाला किमान १,००० रुपये. पैसे मुख्यतः साठीपर्यंत अडकतात आणि शेवटी काही भाग एकरकमी, उरलेल्यातून पेन्शन. पैसा हातात टिकत नाही त्यांच्यासाठी हे अडकणंच बरं.

नोकरी संपताना काय मिळतं

संयुक्त अरब अमिरातीत परदेशी कामगाराला पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी आहे. एक वर्ष पूर्ण झाल्यावर, पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षी २१ दिवसांचा आणि पुढच्या प्रत्येक वर्षासाठी ३० दिवसांचा पगार. पण हा मूळ पगारावर, भत्ते धरून नव्हे. समजा हातात ४,००० दिरहम येतात पण मूळ पगार २,००० आहे. दहा वर्षांनी मिळतात २५५ दिवसांचे, म्हणजे १७,००० दिरहम. एकूण पगाराच्या हिशेबाने हे सव्वाचार महिन्यांचं उत्पन्न. म्हणून करारावर सही करताना मूळ पगाराचा आकडा बघा आणि ग्रॅच्युइटीला पेन्शन समजू नका.

इंग्लंडमध्ये गेलेल्यांची गोष्ट वेगळी. तिथे २२ वर्षांवरच्या आणि वर्षाला १०,००० पौंडांहून जास्त कमावणाऱ्या नोकरदाराला मालक आपोआप पेन्शनमध्ये घालतो. ठरलेल्या मर्यादेतल्या पगारावर मालक किमान ३ टक्के भरतो, एकूण किमान ८ टक्के. चार पौंड जास्त हातात यावेत म्हणून यातून नाव काढणं म्हणजे मालकाचा वाटा सोडून देणं. तिथल्या सरकारी पेन्शनसाठी किमान दहा वर्षांची नोंद लागते. ती पेन्शन भारतात राहून घेतली तर दर वर्षी वाढत नाही, हेही लक्षात ठेवा. तिथे राहणाऱ्याने एनआरई व्याजावर तिथे कर लागतो का, तेही विचारून घ्यावं.

किती आणि केव्हापासून

महिन्याला १०,००० रुपये, वर्षाला ७ टक्के धरले, तर २० वर्षांत भरलेले २४ लाख सुमारे ५२ लाख होतात. हेच दहा वर्षं उशिरा सुरू केलं तर भरलेले १२ लाख सुमारे १७ लाखांवर थांबतात. भरणा निम्मा, पण हातात येतं एक तृतीयांश. व्याजदर बदलत राहतील, पण लवकर सुरुवात करण्याचा फायदा बदलणार नाही.

परत येणाऱ्यांसाठी शेवटचं : कायमचे आलात की बँकेला कळवा. एनआरई खातं साध्या निवासी खात्यात बदलावं लागतं आणि तिथून पुढच्या व्याजावर कर सुरू होतो. न कळवता चालू ठेवलं तर पुढे नोटीस येऊ शकते.

हा मजकूर बाहेर असलेल्या आपल्या माणसाला पाठवा, आणि पुढच्या फोनवर एवढं तरी विचारा : तुझ्या नावावर एनआरई खातं आहे का, आणि नॉमिनी कोण आहे?