चालताना मेंदूलाही काम हवं
लेखमाला : उतारवय आणि मेंदू – लेखांक ६

वयाच्या मानाने विसरणं वाढलेलं, पण रोजचे व्यवहार अजून स्वतःचे स्वतः जमतात, अशी मधली अवस्था आपण मागच्या लेखांकात पाहिली. या अवस्थेतल्या माणसाला दोन सल्ले हमखास मिळतात : रोज फिरायला जा आणि शब्दकोडी सोडवा. नाशिककरांना पहिला सल्ला पाळायला जागेची वाण नाही. कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक आहे, गोदापार्क आहे. दोन्ही सल्ले चांगलेच आहेत. पण ते सुटे सुटे दिले की त्यांची बरीचशी ताकद वाया जाते. शरीराचा आणि डोक्याचा व्यायाम एकाच वेळी, एकमेकांत गुंतवून झाला पाहिजे. व्हर्च्युअल रिअॅलिटीच्या, म्हणजे पडद्यावर किंवा चष्म्यात आभासी जग उभं करणाऱ्या तंत्राच्या, नव्या व्यायामपद्धतींचं खरं मोल मला यातच दिसतं, चष्म्यात किंवा चित्रांच्या झगमगाटात नाही.

रविवार कारंजावर रस्ता ओलांडणारा माणूस नुसते पाय उचलत नसतो. समोरून येणाऱ्या रिक्षाचा वेग, मध्येच घुसणारी दुचाकी, फुटपाथची उंची आणि बरोबरच्याचं बोलणं हे सगळं तो एकाच वेळी तोलत असतो. बोधशक्ती उतरू लागली की हे तोलणं ढासळतं. म्हणून अशा व्यक्ती पडतातही जास्त. हाच धागा धरून इस्रायल, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स आणि ब्रिटनमध्ये एक मोठी चाचणी झाली; तिचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये २०१६ साली आले. पडण्याचा धोका असलेल्या साठीपुढच्या सुमारे ३०० जणांना सहा आठवडे, आठवड्यातून तीनदा ट्रेडमिलवर चालवलं. एका गटाने नुसतं चालायचं. दुसऱ्या गटासमोर पडदा होता. त्यावर स्वतःचीच पावलं दिसत आणि वाटेत अडथळे, फाटे, लक्ष विचलित करणाऱ्या गोष्टी येत. पडदेवाल्या गटाचं पडण्याचं प्रमाण सहा महिन्यांना सरासरी ११.९ वरून ६ वर आलं. नुसतं चालणाऱ्यांचं १०.७ वरून ८.३ पर्यंतच उतरलं. यंत्र तेच, कालावधी तोच. फरक होता तो चालताना घ्याव्या लागलेल्या निर्णयांचा. सर्वांत ठळक फायदा पार्किन्सन्सच्या रुग्णांना झाला आणि बोधात्मक घट असलेली मंडळी या चाचणीत थोडी होती, हेही इथे सांगितलं पाहिजे. पण अमेरिकेत २०१२ साली प्रसिद्ध झालेला सायकलचा प्रयोग त्याच दिशेला बोट दाखवतो. तिथे वृद्धांनी तीन महिने जागेवरची सायकल चालवली. काहींच्या पडद्यावर आभासी रस्ता आणि स्पर्धक होता, काहींच्या नव्हता. दोन्ही गटांचे श्रम साधारण सारखेच, तरी नियोजन आणि लक्ष यांच्या कसोट्यांत आभासी रस्तावाले पुढे गेले.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा, की माणूस ज्याचा सराव करतो तेवढंच सुधारतं. तो खराच आहे. अमेरिकेतल्या ‘अॅक्टिव्ह’ या २,८३२ ज्येष्ठांच्या चाचणीत स्मरणाचा सराव करणाऱ्यांचं स्मरण सुधारलं आणि तर्काचा सराव करणाऱ्यांचा तर्क. एकाचा लाभ दुसऱ्याला फारसा मिळाला नाही. मोबाइलवरच्या खेळांनी स्मृतिभ्रंश लांबतो असं सुचवणाऱ्या लुमोसिटीच्या कंपनीला २०१६ मध्ये तिथल्या व्यापार आयोगाशी तडजोड करून २० लाख डॉलर मोजावे लागले. पण हा आक्षेप माझ्या म्हणण्याला बळच देतो. सराव केला तेवढंच सुधारणार असेल, तर सराव जगण्याच्या जवळचा हवा. खुर्चीत बसून ठोकळे जुळवण्यापेक्षा रस्ता ओलांडण्याचा सराव वृद्धाच्या उपयोगाचा. स्मृतिभ्रंश टळेल असं वचन मात्र या व्यायामाच्या नावावर कोणी देऊ नये. तसं सिद्ध झालेलं नाही.

मग खऱ्याच रस्त्यावर का चालू नये? ज्यांना जमतं त्यांनी चालावंच. पण विसरभोळेपणा वाढला की घरचे काळजीपोटी आजोबांना एकटं सोडत नाहीत आणि त्यांचा सराव नेमका गरजेच्या वेळी थांबतो. पडद्यावरच्या रस्त्यावर चुकलं तर जिवावर बेतत नाही, आणि अडथळे माणसाच्या कुवतीप्रमाणे कमी-जास्त करता येतात. डोळे झाकणाऱ्या हेडसेटबाबत मात्र मी सावधच राहीन. डोळे सांगतात की आपण चाललो आहोत आणि कानातलं तोल सांभाळणारं इंद्रिय म्हणतं की आपण स्थिर आहोत. त्यातून मळमळ होते, तोल जातो. आधीच गोंधळलेल्या व्यक्तीला समोरचा मोठा पडदा, धरायला कठडा आणि शेजारी फिजिओथेरपिस्ट हेच योग्य.

भारतात साठीपुढच्या ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्यासाठी परदेशी बागांची चित्रं आणि इंग्रजी सूचना आयात करून भागणार नाही. पंचवटीच्या गल्ल्या, रामकुंडाच्या पायऱ्या, भाजीबाजारातला हिशेब असं ओळखीचं जग पडद्यावर हवं आणि सूचना मराठीत हव्यात. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून नाशिकमध्येच आहे, आडगावला मराठा विद्या प्रसारक (मविप्र) संस्थेचं वैद्यकीय महाविद्यालय आहे, शहरात फिजिओथेरपीचं शिक्षण मिळतं. ट्रेडमिल, कॅमेरा आणि टीव्ही एवढ्या सामग्रीवर या संस्थांनी ज्येष्ठ नागरिक संघांना बरोबर घेऊन रीतसर चाचणी हाती घ्यावी, नुसत्या चालण्याशी तुलना करून, आणि निकाल काहीही लागला तरी तो जाहीर करावा.

तोवर घरच्यांनी हेडसेटवर पैसे घालण्याआधी रक्तदाब, साखर, कान आणि डोळे तपासून घ्यावेत. स्मृतिभ्रंशाच्या ज्या १४ टाळता येण्याजोग्या जोखीम-घटकांची यादी ‘लॅन्सेट’च्या आयोगाने २०२४ मध्ये दिली, त्यांत ही चारही येतात. आणि संध्याकाळी फिरायला जाताना आजींच्या सोबत राहून त्यांना वार उलट्या क्रमाने म्हणायला सांगा, पुढचं वळण कोणतं ते त्यांनाच ठरवू द्या. बोलताना पावलं अडखळू लागली तर थांबा आणि ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.