चार्ल्स कोरिया

चार्ल्स मार्क कोरिया (१ सप्टेंबर, १९३० – १६ जून, २०१५) हे आधुनिक भारतीय वास्तुकलेतील अग्रगण्य वास्तुविशारद आणि नगररचनाकार होते. इमारतीचे रूप तेथील हवामान आणि रहिवाशांची ऐपत यांतून घडावे, हा विचार त्यांच्या कार्याच्या मुळाशी आहे.

जीवन

मूळच्या गोव्यातील कुटुंबात कोरिया यांचा जन्म सिकंदराबाद येथे झाला. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकल्यानंतर त्यांनी अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठ आणि मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे वास्तुकलेचे शिक्षण घेतले. १९५८ मध्ये त्यांनी मुंबईत स्वतंत्र व्यवसाय सुरू केला.

वास्तुरचना

उष्ण प्रदेशात अंगण, ओसरी आणि गच्ची या उघड्या जागा बंदिस्त खोल्यांइतक्याच उपयोगी असतात, असे ते मानत. अहमदाबादच्या साबरमती आश्रमातील गांधी स्मारक संग्रहालय (१९६३) विटांचे खांब, कौलारू छपरे आणि मोकळे चौक यांतून साकारले आहे. तेथे काचेच्या खिडक्यांऐवजी लाकडी झडपा आहेत. मुंबईत पश्चिमेकडून समुद्राचा वारा येतो, तसेच दुपारचे ऊन आणि पावसाची झडही येते. जुन्या बंगल्यांना यासाठी चहूबाजूंनी व्हरांडा असे. कांचनजंगा (१९८३) या उत्तुंग इमारतीत कोपऱ्यांवर दुमजली उंचीच्या गच्च्या ठेवून त्यांनी हीच योजना केली. भोपाळचे भारत भवन, पणजीची कला अकादमी आणि जयपूरचे जवाहर कला केंद्र या त्यांच्या अन्य महत्त्वाच्या वास्तू होत.

नवी मुंबई

मुंबईवरील वाढता भार हलका करण्यासाठी खाडीपलीकडे नवे शहर वसवावे, असा प्रस्ताव कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६० च्या दशकात मांडला. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि कोरिया नव्या शहराचे मुख्य वास्तुविशारद झाले. शासकीय कार्यालये तेथे नेल्यास रोजगारही तिकडे वळेल, अशी मूळ कल्पना होती. शहर वसले, राज्यशासनाचे मुख्यालय मात्र दक्षिण मुंबईतच राहिले.

बेलापूर येथील आर्टिस्ट्स व्हिलेज या वसाहतीत त्यांनी सामायिक चौकांभोवती छोटी घरे रचली. प्रत्येक घराला स्वतंत्र भूखंड असल्याने मिळकतीनुसार ते वाढविणे शक्य होते. पुढे अनेक रहिवाशांनी मूळ घरांच्या जागी मोठी घरे बांधली.

सन्मान

कोरिया यांना पद्मश्री (१९७२), रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ ब्रिटिश आर्किटेक्ट्सचे सुवर्णपदक (१९८४) आणि पद्मविभूषण (२००६) हे सन्मान मिळाले. त्यांचे निधन मुंबईत झाले.