ग्रंथालयाची वार्ता शेतकऱ्याने का वाचावी?



कृषी विद्यापीठाच्या मासिकात शेवटी शेवटी 'विद्यापीठ वार्ता' असे एखादे सदर असते. कोणाची बदली झाली, कोण सेवानिवृत्त झाले, पुढील महिन्यात कोणता मेळावा वा ग्रंथप्रदर्शन भरणार आहे, अशा दोन-चार ओळींच्या बातम्या तेथे येतात. बहुतेक वाचक हे पान उलटतात. बातमी ग्रंथालयाची असेल तर ती विद्यार्थी आणि प्राध्यापकांसाठी आहे असे समजून अधिकच लवकर उलटतात. परंतु बियाणे, खते आणि औषधे यांवर दर हंगामात मोठी रक्कम खर्च करणाऱ्या शेतकऱ्याच्या दृष्टीने ही बातमी कामाची आहे. ती कशी, याचा विचार या लेखात केला आहे.

ग्रंथालय एकाच इमारतीत नसते

आपल्या राज्यात चार कृषी विद्यापीठे आहेत. राहुरीचे १९६८ साली, अकोल्याचे १९६९ साली, तर परभणी आणि दापोली येथील विद्यापीठे १९७२ साली स्थापन झाली. प्रत्येक विद्यापीठाच्या मुख्यालयात मध्यवर्ती ग्रंथालय असते. त्याशिवाय घटक महाविद्यालयांची ग्रंथालये वेगळी असतात आणि संशोधन केंद्रांवर अहवालांची कपाटे वेगळी असतात. काही केंद्रे तर विद्यापीठांहून जुनी आहेत. पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र १९३२ सालचे. सोलापूरला कोरडवाहू शेतीचे संशोधन १९३३ च्या सुमारास सुरू झाले. बांधबंदिस्ती, कमी बियाणे, दोन ओळींत जास्त अंतर आणि वरचेवर कोळपणी ही जी कोरडवाहू पद्धत आपले वडील-आजोबा सांगत असत, तिच्यामागे त्या काळचे प्रयोग आहेत. कोणत्या जमिनीत, किती पावसात, किती उत्पन्न मिळाले, हे अशा अहवालांत आकड्यांनिशी नोंदलेले असते.

हे सर्व साहित्य संगणकावर चढले आहे असे समजू नये. अलीकडचे प्रबंध आणि अहवाल बऱ्याच प्रमाणात चढले, जुने अनेक अजून कागदावरच आहेत. कोणता अहवाल कोणत्या कपाटात आहे, हे पुष्कळदा तेथे वर्षानुवर्षे काम करणाऱ्या माणसालाच ठाऊक असते. म्हणून ग्रंथालयाच्या बातमीत माणसांची बातमी महत्त्वाची.

कोणाला काय विचारावे?

विद्यापीठ ग्रंथपाल हे सर्वांचे प्रमुख. त्यांच्या हाताखाली सहायक ग्रंथपाल, ग्रंथालय सहायक आणि परिचर असतात. पुस्तके देण्या-घेण्याचे काम देवघेव विभागात चालते. मासिके आणि संशोधनपत्रिका नियतकालिक विभागात असतात. शेतकऱ्याचे खरे काम मात्र संदर्भ विभागात असते. येथे बसणाऱ्या व्यक्तीचे कामच मुळी विचारणाऱ्याला योग्य कागदापर्यंत पोहोचविणे हे आहे.

समजा, आपण जाऊन म्हणालात, "माझा कांदा सडतो." जाणता ग्रंथपाल लगेच पुस्तक काढून देणार नाही. तो आधी विचारील, कांदा शेतात सडतो की चाळीत? खरिपाचा की उन्हाळी? शेतात सडत असेल तर तो रोगाचा प्रश्न झाला. चाळीत सडत असेल तर काढणी, सुकवणी आणि साठवणीचा. दोन्हींची पुस्तके वेगवेगळ्या फळ्यांवर असतात. आणि हवे ते येथे नसेल तर राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाकडे विचारा, असे तो सांगेल. अशा दोन प्रश्नांनी आपला अर्धा दिवस वाचतो. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. शि. रा. रंगनाथन यांचा आग्रह हाच होता की वाचकाचा वेळ वाया जाता कामा नये. ते मूळचे गणिताचे प्राध्यापक, १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले.

फळीवरची पुस्तके स्वतः पाहू दिली तर एक खूण लक्षात ठेवावी. मेल्विल ड्युई या अमेरिकन ग्रंथपालाने १८७६ साली केलेली दशांश पद्धत आपल्याकडे अनेक ठिकाणी वापरतात. तीत शेतीचा आकडा ६३० आहे. ६३१ मध्ये जमीन, मशागत व अवजारे, ६३२ मध्ये रोग व किडी, ६३३ मध्ये शेतातील पिके, ६३४ मध्ये फळबागा, ६३५ मध्ये भाजीपाला, ६३६ मध्ये जनावरे, ६३७ मध्ये दूध आणि ६३८ मध्ये मधमाशा व रेशीम. पुस्तकाच्या पाठीवर चिकटवलेल्या चिठ्ठीवर हे आकडे असतात. डाळिंबवाल्याने ६३४ च्या फळीपाशी जावे, पण तेल्याची माहिती ६३२ मध्येही सापडू शकते हे विसरू नये.

एकतीस मे

आता सेवानिवृत्तीच्या बातमीकडे वळू. आपल्या पिढीतील कितीतरी लोकांची जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर १ जून आहे. शाळा जूनमध्ये भरायची, खरी तारीख घरात कोणाला आठवत नसायची, मग गुरुजी १ जून लिहून मोकळे होत. महिन्याच्या १ तारखेला जन्मलेला कर्मचारी नियमानुसार आधीच्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. त्यामुळे शासकीय आणि विद्यापीठीय कार्यालयांत ३१ मे रोजी एकदम पुष्कळ निरोप समारंभ होतात. शाल, श्रीफळ, चार भाषणे होतात आणि दुसऱ्या दिवशी त्या खुर्चीवर कोणी नसते. हा काळ नेमका खरिपाच्या तोंडाशी येतो.

रिक्त झालेले पद लगेच भरले जातेच असे नाही. पद रिकामे राहिले तर पुस्तके कोठे जात नाहीत, पण त्यांच्यापर्यंत जाण्याची वाट बुजते. कपाटावर नोंद नसलेले अहवाल, तालुक्यावार बांधून ठेवलेले गठ्ठे, एखाद्या निवृत्त शास्त्रज्ञाने दिलेली टिपणे, यांची माहिती तोंडी असेल तर ती त्या माणसाबरोबर जाते. निवृत्त होण्यापूर्वी सहा महिने तरी अशा व्यक्तीला बाकी कामातून मोकळे करून तिच्याकडून सर्व याद्या लिहवून घ्याव्यात, असे आम्हांस वाटते. शेतकरी म्हणून आपल्या हाती एवढेच आहे, की पुढील मे महिन्यात कोण निवृत्त होणार हे वाचल्यावर आपला प्रश्न त्यापूर्वी घेऊन जावे. नवीन नेमणुकीची बातमी आली तर ते नावही टिपून ठेवावे. नावाने विचारणाऱ्याचे काम लवकर होते, हा अनुभव आपणा सर्वांना कचेरीतला आहेच.

कागद मिळाला, आता तो कसा वाचावा?

ग्रंथालयात तीन प्रकारचे कागद हाती येतात आणि त्यांची किंमत सारखी नाही. येथे चूक झाली तर नुकसान शेतात होते, म्हणून हा भाग सावकाश वाचावा.

पहिला प्रकार म्हणजे पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे प्रबंध. ते बहुधा इंग्रजीत असतात. घरातील महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलाला किंवा मुलीला बरोबर न्यावे. सगळा प्रबंध वाचण्याची गरज नाही. शेवटचे सारांशाचे प्रकरण थोड्या पानांचे असते, ते आधी पाहावे. नंतर 'साहित्य व पद्धती' हे प्रकरण पाहावे. प्रयोग कोणत्या जमिनीत झाला, पाणी किती दिले, पाऊस किती पडला, हे त्यात असते. प्रयोग भारी काळ्या जमिनीत बारमाही पाण्यावर झाला असेल आणि आपले रान मुरमाड असेल, तर त्यातले आकडे आपल्याला जसेच्या तसे लागू पडणार नाहीत. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या पुढाकाराने तयार झालेल्या 'कृषीकोश' या संगणकीय संग्रहात देशातील अनेक कृषी विद्यापीठांचे प्रबंध पाहता येतात. गावात इंटरनेट असेल तर हे काम घरूनही होते.

परंतु प्रबंध म्हणजे शिफारस नव्हे. एखाद-दोन हंगामांचा प्रयोग विद्यार्थ्याला पदवीसाठी पुरतो, शेतकऱ्याला भांडवल घालण्यासाठी तो पुरा नाही. दुसरा प्रकार शिफारशींचा. निरनिराळ्या ठिकाणी आणि अनेक हंगाम तपासलेले निष्कर्ष चारही विद्यापीठांच्या संयुक्त कृषी संशोधन व विकास समितीच्या वार्षिक बैठकीपुढे येतात. यालाच आपण 'जॉइंट अ‍ॅग्रेस्को' म्हणून ऐकतो. तेथे मान्य झालेले वाण, अवजारे आणि तंत्र हीच अधिकृत शिफारस. दुकानदार "विद्यापीठाने सांगितले आहे" असे म्हणाला, तर कोणत्या वर्षीची शिफारस, एवढे विचारावे आणि ग्रंथालयात ती काढून पाहावी.

तिसरा प्रकार जुनी पुस्तके आणि जुन्या कृषी दैनंदिनी. मशागत, बांधबंदिस्ती, जनावरांची निगा यांसाठी जुने पुस्तक पुष्कळदा नव्याहून सरस असते. औषधांच्या बाबतीत मात्र त्यावर मुळीच विसंबू नये. सन २००० च्या आसपासच्या पुस्तकांत कापूस, तूर, हरभऱ्यावर एन्डोसल्फान फवारावे असे जागोजाग लिहिलेले आढळते. सर्वोच्च न्यायालयाने मे २०११ मध्ये त्याच्या उत्पादनावर, विक्रीवर व वापरावर बंदी आणली. पुस्तक मात्र फळीवर तसेच आहे आणि ते खोटे बोलत नाही, ते फक्त त्याच्या काळचे बोलते. म्हणून पुस्तक हाती घेतल्यावर प्रथम छपाईचे वर्ष पाहावे आणि औषधाची माहिती चालू वर्षाच्या दैनंदिनीतूनच घ्यावी.

ध्यानात ठेवण्याच्या तारखा

ग्रंथालयाचे काही कार्यक्रम ठरलेल्या दिवशी येतात. १२ ऑगस्ट हा डॉ. रंगनाथन यांचा जन्मदिन राष्ट्रीय ग्रंथपाल दिन म्हणून पाळतात. १५ ऑक्टोबर, म्हणजे डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिन, २०१५ पासून राज्यात वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. १४ ते २० नोव्हेंबर हा राष्ट्रीय ग्रंथालय सप्ताह. या दिवसांत नवीन पुस्तकांची प्रदर्शने भरतात. ऑगस्टमध्ये आपण निंदणीत असतो आणि ऑक्टोबरच्या मध्यास सोयाबीन काढणीत, त्यामुळे ही दोन आमंत्रणे आपल्यासाठी बहुधा कागदावरच राहतात. नोव्हेंबरचा सप्ताह त्यातल्या त्यात बरा. ज्वारीची पेरणी तोवर उरकलेली असते.

त्याहून सोयीचे म्हणजे मेळाव्याचा दिवस गाठणे. परभणीला विद्यापीठाच्या वर्धापनदिनी १८ मे रोजी खरीप मेळावा आणि मराठवाडा मुक्तिदिनी १७ सप्टेंबर रोजी रब्बी मेळावा घेण्याची प्रथा आहे. अकोल्याची शिवार फेरीही शेतकऱ्यांच्या परिचयाची आहे. नेमकी तारीख दर वर्षी वार्तेत पाहून घ्यावी. गाडीभाडे घालून आपण गेलेलेच असतो. बियाण्याची रांग संपली की दुपारी तासभर ग्रंथालयात जावे. १८ मे ही तारीख ३१ मेच्या आधी येते, हेही लक्षात घ्यावे.

ग्रंथालयांनीही मेळाव्यात आपले दालन मांडावे आणि तेथे पुस्तकांबरोबर संदर्भ विभागातील माणूस बसवावा. यात नवीन असे काही नाही. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावून बडोदे संस्थानात ग्रंथालयांची घडी बसविली, तेव्हा गावोगाव पुस्तकांच्या पेट्या फिरत असत. १९३१ साली तंजावर जिल्ह्यात मन्नारगुडी भागात तर बैलगाडीतून ग्रंथालय खेड्यांत गेले होते.

जाण्यापूर्वी

बाहेरच्या व्यक्तीस पुस्तक घरी नेता येत नाही, बसून वाचण्याची परवानगी मात्र विनंती केल्यास सहसा मिळते. ओळखपत्र, वही आणि सातबारावरील गट क्रमांक जवळ ठेवावा. माती परीक्षण केले असेल तर तो कागदही न्यावा. काही पानांची छायाप्रत हवी असल्यास तेथेच विचारावे. परीक्षेच्या दिवसांत गर्दी असते, ते दिवस टाळावेत.

जाणे शक्य नसेल तर विद्यापीठ ग्रंथपाल यांच्या नावे साधे पत्र लिहावे. त्यात गाव, तालुका, पीक, वाण, जमीन हलकी की भारी, पाण्याची सोय आणि एकच प्रश्न लिहावा. पाच प्रश्न एका पत्रात घातले तर ते पत्र पाच टेबलांवर फिरत राहते. सोबत आपला पत्ता लिहिलेला, तिकीट लावलेला लिफाफा जोडावा. पंधरा-वीस दिवसांत उत्तर न आल्यास पहिल्या पत्राची तारीख देऊन दुसरे पत्र पाठवावे.