एका थेंबाचा तिसरा हिस्सा

पावसाळा लागला की मीरा रोडच्या पूर्वेकडील पूनम सागरमध्ये हवेला ओलाव्याचे असे काही जडत्व येते की, मिठाच्या बरणीला पाणी सुटते, कपाटातील पुस्तकांची पाने फुगतात आणि दोरीवरचे कपडे दोन दोन दिवस वाळत नाहीत. उत्तरेला वसईची खाडी, जवळच भाईंदरची मिठागरे आणि त्यांवरून अहोरात्र येणारा वारा, ही या भूभागाची पिढीजात वहिवाटच आहे. अशा हवेच्या एका लिटरमध्ये वीस ते पंचवीस मिलिग्रॅम पाणी वाफेच्या रूपाने असते. येथे राहणाऱ्या इतर कोणाला या आकड्याशी कर्तव्य असण्याचे कारण नाही. पण माझ्या उमेदीची वर्षे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत लांब साखळीचे रेणू घडवण्याच्या ज्या विद्येच्या सहवासात गेली, तिच्यात अठरा मिलिग्रॅम पाणी म्हणजे एका संपूर्ण प्रयोगाचा अंत असल्यामुळे, खिडकी उघडताना आजही हा हिशेब माझ्या मनात आपोआप होतो.

हिशेब तसा साधा आहे. ज्याच्यापासून काचेसारखे पारदर्शक ॲक्रिलिक होते त्या मिथाइल मेथाक्रिलेटच्या दहा ग्रॅममध्ये एक दशांश मोल रेणू असतात, आणि त्यांना साखळीत गुंफण्याचा प्रारंभ करणाऱ्या द्रव्याचा, म्हणजे इनिशिएटरचा, एक मिलिमोल त्यात घातला, तर प्रत्येक साखळीच्या वाट्याला शंभर दुवे येऊन तिचा रेणुभार दहा हजारांच्या आसपास भरतो. साखळीची लांबी अशी प्रयोगाच्या आदल्या दिवशीच वहीत मांडून ठेवता येते. परंतु तोच इनिशिएटर पाण्याच्या एका रेणूमागे एक या प्रमाणात नष्ट होतो. आणि पाण्याचा एक मिलिमोल म्हणजे अठरा मिलिग्रॅम, एका थेंबाचा जेमतेम तिसरा हिस्सा.

बाजारातले बहुतेक ॲक्रिलिक वा पॉलिस्टायरीन ज्या मुक्तमूलक पद्धतीने होते, तिच्यात साखळ्या निरनिराळ्या क्षणी जन्म घेतात, क्षणार्धात वाढतात आणि एकमेकींवर आदळून निमतात, त्यामुळे एकाच पात्रात आखूड, मध्यम आणि अतिदीर्घ अशा साखळ्यांचे मिश्रण उरते. सर्व साखळ्या एकदम सुरू व्हाव्यात, सारख्या गतीने वाढाव्यात आणि कोणीही मध्येच थांबू नये, ही व्यवस्था प्रत्यक्षात आणून दाखवली ती सिरॅक्यूज येथील वनविद्येच्या महाविद्यालयात काम करणाऱ्या मायकेल श्वार्त्स यांनी, १९५६ साली. एकाच मुहूर्तावर पेरलेल्या शेतात कणसे एका उंचीची निघावीत तशा त्या साखळ्या निघाल्या, आणि मोनोमर, म्हणजे साखळीत गुंफायचे सुटे रेणू, संपल्यावरही त्यांची टोके सजीवच राहिल्याने, नवा मोनोमर घालताच त्या पुन्हा वाढू लागल्या. अशा वाढीत लांबीचा फरक किती अल्प असावा याचे गणित पॉल फ्लोरी यांनी १९४० सालीच मांडलेले होते: शंभर दुव्यांच्या साखळ्यांसाठी दोन प्रकारच्या सरासरी रेणुभारांचे गुणोत्तर १.०१. मुक्तमूलक पद्धतीत हेच गुणोत्तर दीड, दोन किंवा त्याहूनही अधिक असते.

गणित सोळा वर्षे आधी झाले होते आणि प्रयोग मागाहून आला, याचे नवल ज्याने तो प्रयोग स्वतःच्या हाताने केला आहे त्याला वाटत नाही. त्याच्या कामाचा फार मोठा भाग पाण्याविरुद्धच्या बंदोबस्तात जातो. टेट्राहायड्रोफ्युरान, ज्याला प्रयोगशाळेत सगळे टीएचएफ म्हणतात, ते सोडियम आणि बेंझोफिनोन यांच्यावर तासन्‌तास उकळत ठेवायचे. जोवर त्यात ओलावा वा ऑक्सिजन आहे तोवर रंग टिकत नाही, आणि दोन्ही गेले की सबंध फ्लास्क गडद निळा, पुढे जांभळा होतो. तो रंग पाहिल्याखेरीज सॉल्व्हंटला हात लावायचा नाही, हा आमच्या प्रयोगशाळेचा पहिला हुकूम होता. मोनोमर आधी कॅल्शियम हायड्राइडवर ढवळून व्हॅक्यूममध्ये ऊर्ध्वपातित करायचा, मग त्यात ट्रायइथाइल ॲल्युमिनियमचे थेंब सोडायचे. हे द्रव्य हवा लागताच पेट घेते, म्हणून ते नायट्रोजनच्या आवरणाखाली सिरिंजनेच हाताळावे लागते. आणि फिकट पिवळसर हिरवी छटा टिकली म्हणजे मोनोमरमधील पाण्याची रुजुवात पुरी झाली असे समजून तो पुन्हा ऊर्ध्वपातित करायचा. काच आपल्याला कोरडी दिसते, पण तिच्या पृष्ठभागावर पाण्याचा एक अदृश्य थर बसलेला असतो. तो घालवण्यासाठी व्हॅक्यूम लाइनला जोडलेला फ्लास्क ज्योतीने चहूबाजूंनी तापवायचा, नायट्रोजन भरायचा, पुन्हा उपसायचा, पुन्हा तापवायचा.

एवढे होऊनही काही अशुद्धी शिल्लक राहतेच, आणि तिचा निकाल लावण्याची जी रीत आहे ती मला या साऱ्या विद्येतील सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. ब्यूटिल लिथियम आणि डायफिनाइल इथिलीन यांच्यापासून तयार केलेला इनिशिएटर रक्तासारखा लाल असतो. तो टीएचएफमध्ये थेंबाथेंबाने सोडायचा: पहिला थेंब पडतो, लाल रेघ खाली उतरते आणि विरून जाते, दुसराही विरतो, पुढे एका थेंबाची छटा किंचित रेंगाळते, आणि अखेरीस एक अशी फिकट लाली येते की ती जात नाही. पात्रातील प्रत्येक शत्रूरेणूचे देणे चुकते झाल्याची ती पावती होय. त्यानंतरच हिशेबातला एक मिलिमोल घालायचा, ड्राय आइस आणि ॲसिटोनच्या थंडाव्यात फ्लास्क उणे ७८ अंशांपर्यंत उतरवायचा आणि मोनोमर सोडायचा. लाली तत्क्षणी नाहीशी होते, कारण प्रत्येक लाल रेणू आता एका साखळीचे मूळ झालेला असतो. थोड्याच मिनिटांत मिथेनॉलचा एक थेंब टाकून वाढ थांबवली आणि ते द्रावण हेक्झेनमध्ये ओतले की पांढराशुभ्र पॉलिमर खाली बसतो.

तथापि मेथाक्रिलेट हे स्टायरीनइतके सरळ नव्हे. त्याच्या अंगी असलेल्या कार्बोनिल गटावर वाढते टोक स्वतःच चालून जाते आणि वर्तुळ करून थांबते. शिवाय लिथियमशी जोडलेली ही ऋणभारित टोके एकमेकांना बिलगून पुंजके करतात, आणि पुंजक्यातले टोक मंद, मोकळे टोक वेगवान, असा भेद पडल्यामुळे साखळ्यांची लांबी विषम होते. बेल्जियममधील लिएज येथे फिलिप तेसिए यांच्या गटाने लिथियम क्लोराइड मिसळून यावर उपाय काढला होता; पण ते मीठ टीएचएफमध्ये बेताचेच विरघळते. पुण्यात डी. बास्करन आणि स्वामिनाथन शिवराम यांनी १९९७ साली ‘मॅक्रोमॉलिक्यूल्स’मध्ये दाखवून दिले की, सहज विरघळणारे लिथियम पर्क्लोरेट हे काम उत्तम करते: पुंजके आणि मोकळी टोके यांच्यातील अदलाबदल इतकी शीघ्र होते की, प्रत्येक साखळीला वाढीची समान संधी मिळते. आडवळणाच्या साधनांशिवाय, बाटलीतल्या एका साध्या क्षाराने हे साधले, हे मला या कामाचे मोठे भूषण वाटते.

शिवराम यांची कारकीर्द या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. कानपूरच्या आयआयटीतून ते अमेरिकेत पर्ड्यूला एच. सी. ब्राऊन यांच्याकडे गेले, ज्यांना पुढे १९७९ साली नोबेल मिळाले. नंतर ॲक्रन येथे जोसेफ केनेडी यांच्याकडे त्यांनी धनभारित टोकांच्या पॉलिमरीकरणाचा अभ्यास केला. परत आल्यावर विद्यापीठाची वाट न धरता ते बडोद्याच्या आयपीसीएल या सरकारी पेट्रोरसायन कंपनीत रुजू झाले आणि सुमारे दीड दशकाने, १९८८ साली, पुण्यास पॉलिमर विभागाचे प्रमुख म्हणून आले. २००२ ते २०१० या काळात प्रयोगशाळेचे संचालकपदही त्यांच्याकडे होते. कारखान्यातील दीर्घ वास्तव्यामुळे संशोधक मूलभूत प्रश्नांपासून दुरावतो असा एक समज आपल्याकडे आहे. लिथियमच्या पुंजक्यांत वर्षानुवर्षे डोके घालणारा हा माणूस त्याला पुरेसे उत्तर आहे. असे मूलभूत काम वापराच्या वस्तूंपर्यंतही पोहोचते: त्यांचे गुरू केनेडी यांच्या परंपरेतून आलेला आयसोब्यूटिलीन आणि स्टायरीन यांचा त्रिखंडी पॉलिमर पुढे हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायच्या औषधयुक्त स्टेंटवर लेप म्हणून वापरला गेला. चपलांच्या तळव्यांत आणि रस्त्याच्या सुधारित डांबरात जाणारे एसबीएस रबरही ब्यूटिल लिथियमच्याच रीतीने बनते.

१९९५ साली जपानमध्ये मित्सुओ सावामोतो यांनी रुथेनियमच्या आणि अमेरिकेत क्रिस्तॉफ मात्याशेफ्स्की यांनी तांब्याच्या साहाय्याने मुक्तमूलक पद्धतीलाही लगाम घातला. तीन वर्षांनी ऑस्ट्रेलियातून गंधकयुक्त रेणूंची तिसरी रीत आली. बहुसंख्य साखळ्या कोणत्याही क्षणी निद्रिस्त ठेवायच्या आणि मोजक्याच जाग्या ठेवायच्या, म्हणजे एकमेकींवर आदळून मरण्याचे प्रसंग विरळ होतात, अशी ही तजवीज आहे. तिला पाण्याचे भय नाही, ऑक्सिजन मात्र काढावा लागतो. उणे ७८ अंशांची आवश्यकता नाही. नव्या विद्यार्थ्याच्याही हाती अल्पावकाशात चांगला पॉलिमर येतो. या पद्धतींनी जे क्षेत्र खुले केले त्याविषयी मला निखळ आदर आहे. पण सोडियमचे स्टिल आणि व्हॅक्यूम लाइन अडगळीत टाकून देण्याची जी प्रवृत्ती ठिकठिकाणी दिसते ती मला मान्य नाही. नव्या रीतीने केलेला पॉलिमर शेवटी जीपीसीच्या, म्हणजे साखळ्या लांबीनुसार वेगळ्या करणाऱ्या, यंत्रावरच तपासला जातो. तेथे आखूड साखळ्या सच्छिद्र कणांत शिरून उशिरा बाहेर पडतात, लांब साखळ्या आधी येतात, आणि कोणती वेळ म्हणजे कोणता रेणुभार हे यंत्राला शिकवावे लागते ते प्रमाण म्हणून विकत मिळणाऱ्या जवळजवळ एकसारख्या लांबीच्या साखळ्या असलेल्या पॉलिस्टायरीनच्या कुप्यांनी. त्या कुप्यांतील पॉलिस्टायरीन आजही कोरड्या काचेत, ब्यूटिल लिथियमने, श्वार्त्स यांच्याच रीतीने तयार होते.