भिंत सरकारची, पैसा देणगीदाराचा, हात कारागिराचे

एप्रिल १७५८मध्ये रघुनाथरावांच्या फौजा लाहोरात शिरल्या, तेव्हा तिथल्या किल्ल्याच्या भिंतीवरच्या हत्तींच्या झुंजी, चौगान खेळणारे स्वार आणि पंखवाल्या पऱ्या सव्वाशे वर्षे जुन्या झाल्या होत्या. शाही महालांची ही बाहेरची चित्रभिंत. जहांगीरने १६२४मध्ये काम सुरू केले, शाहजहानने १६३२मध्ये पुरे केले. लांबी सुमारे साडेचारशे मीटर, उंची जवळपास पंधरा.

इथे काशीकारी आहे आणि भित्तिचित्रेही. काशीकारीत झिलईच्या रंगीत फरशा चित्राच्या रेषेबरहुकूम कापून तुकडा तुकडा जुळवतात. भित्तिचित्रात ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर रंग भरतात. गिलावा वाळताना रंग त्यात मुरतो. पण गिलाव्याने भिंत सोडली की रंगही गेलाच. त्याला सुटायला लावते ते पाणी. गच्चीतून झिरपते, भिंतीतले क्षार बाहेर आणते, पोपडे धरतात.

किल्ला प्रशासनाच्या ताब्यात होता, अशा दुरुस्तीतले जाणकार बाहेर. त्यामुळे पंजाब सरकारचे ‘वॉल्ड सिटी ऑफ लाहोर ऑथॉरिटी’ आणि आगा खान ट्रस्टची पाकिस्तानातली संस्था एकत्र आल्या. नॉर्वेनेही पैसा दिला. आधी लेझर स्कॅनरने भिंतीची इंचन्‌इंच नोंद, मगच दुरुस्ती. पश्चिमेकडचा भाग २०१९मध्ये पुरा झाला.

अशा भागीदारीत खरा वाद पैशाचा नसतो, झिजलेल्या जागी किती भरायचे याचा असतो. अर्धा हत्ती उरला असेल, तर उरलेला अंदाजाने रंगवायचा का? देणगीदाराला नवे-कोरे चित्र दाखवायला आवडते, संवर्धक पुराव्यापाशी थांबतो. दिल्लीत हुमायूनच्या मकबऱ्यावर पुरातत्त्व खाते, आगा खान ट्रस्ट आणि मुंबईचा सर दोराबजी टाटा ट्रस्ट एकत्र आले, तेव्हा छत्र्यांवर नव्या फरशा बसवण्यावरून असाच वाद झाला. अशा वादाचा निर्णय लोकांना उत्तर देणाऱ्या यंत्रणेकडेच हवा. पैसा कोणाचाही असो, शेवटची सही सरकारी तज्ज्ञाची असावी.

आपल्याकडच्या वाड्यांसाठीही करार होतील तेव्हा एक कलम आधी वाचावे: काम संपल्यावर दर पावसाळ्याआधी गच्चीची पन्हाळी कोण साफ करणार, कोणाच्या पैशाने? ते कलम नसेल, तर दहा वर्षांनी त्याच भिंतीसाठी पुन्हा देणगीदार शोधावा लागेल.