नोंदींत दडलेला बालदमा

लहान मुलाचा वारंवार उद्भवणारा खोकला, छातीतील घरघर आणि रात्रीची धाप यांची नोंद अनेकदा 'सर्दी' किंवा 'ब्राँकायटिस' अशी होते. परिणामी दम्याचे निदान व उपचार लांबतात. संगणकीय नोंदींत केवळ दम्याचा सांकेतिक क्रमांक शोधल्यास अशी मुले निसटतात. म्हणूनच अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी डॉक्टरांनी लिहिलेला मजकूर वाचणारी संगणकप्रणाली विकसित केली. तिच्या पडताळणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. वेगवेगळ्या भेटींत विखुरलेली लक्षणे एकत्र करून ती ठरावीक निकषांशी ताडून पाहते. 'घरघर नाही' या वाक्यातील नकारही अशा प्रणालीला उमगावा लागतो. अंतिम निदान मात्र डॉक्टरांनीच करायचे असते. आणि मूळ नोंदच अपुरी असेल, तर संगणकही हतबल ठरतो.